एकाच वागण्याची अनेक स्पष्टीकरणं: त्यांतलं कोणतं धरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरी सांभाळून तुम्ही मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेताय. तुमच्या कार्यालयातल्या प्रमुखांनी बाकीच्यांचा विरोध असतानाही एका उमेदवाराची निवड केली. आठ महिने झाले, त्या माणसाला काम जमत नाही हे सगळ्यांना दिसतंय. प्रमुख मात्र त्याचीच बाजू घेतात, त्याला पुन्हा प्रशिक्षण देतात, आणखी मोठी जबाबदारी सोपवतात. वर्गात शिकवलेली एकेक उपपत्ती तुम्ही या प्रसंगाला लावून पाहिलीत आणि प्रत्येक लागू पडली. म्हणून तुम्ही विचारताय, यांतली खरी कोणती? आणि सगळ्याच खऱ्या असतील तर इतक्या शिकायच्या कशासाठी?

गेली पंचवीस वर्षं मी समुपदेशन करते आणि नव्यानं या कामात येणाऱ्यांना शिकवते. हा प्रश्न ज्याला पडत नाही तो लवकरच एखाद्या उपपत्तीचा भक्त होतो, आणि मग समोरच्या माणसाचं ऐकणं थांबतं. म्हणून तुम्हाला तो पडला याचा मला मनापासून आनंद आहे.

प्रत्येक उपपत्ती लागू पडली, इथेच खरी अडचण आहे. घडून गेलेल्या गोष्टीला कोणतंही स्पष्टीकरण चिकटवता येतं. आपल्या म्हणींचं पाहा. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण स्वतःच्या अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडण्याची प्रवृत्ती नेमकी पकडते. ‘आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ यात आपल्या-परक्याचा पक्षपात आहे. ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ हे तर आत्मसमर्थनाचं उत्तम वर्णन. पण कोल्हा द्राक्षांना आंबट कधी म्हणतो आणि उडी मारायचा हट्ट कधी धरतो, हे म्हण सांगत नाही. माणूस हट्टाला पेटला की आपण दुसरी म्हण काढतो, ‘प्रयत्नांती परमेश्वर’. म्हणी एकमेकींच्या उलट असल्या तरी बिघडत नाही, कारण त्या वरातीमागून येणारं घोडं असतात. उपपत्तीला ही सवलत देता येत नाही. अमुक परिस्थितीत माणूस असं वागेल आणि तमुक परिस्थितीत वागणार नाही, हे तिनं आधी सांगायला हवं. त्यातलंही ‘वागणार नाही’ हे जास्त मोलाचं.

इथे बरेच शिक्षक हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगतात. कुणाच्या हाती सोंड, कुणाच्या हाती पाय, सगळेच थोडेथोडे बरोबर. मला ही गोष्ट या विषयात घातक वाटते. एखाद्या विशिष्ट माणसाच्या विशिष्ट वागण्याबद्दल काही स्पष्टीकरणं साफ चुकीची असतात. ती चुकीची आहेत हे शोधून काढता येतं, आणि चुकीचं धरून उपाय केला तर माणसाचं नुकसान होतं.

तुमच्या प्रमुखांचंच उदाहरण घेऊ, कारण नेमक्या याच वागण्यावर उत्तम संशोधन झालंय. बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कंपनीच्या संशोधनासाठी पैसे वाटायला दिले. काहींनी आधी स्वतः एक विभाग निवडला होता आणि त्याची कामगिरी खालावली होती. काहींना तो निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतल्याचं सांगितलं होतं. पुन्हा पैसे द्यायची वेळ आली तेव्हा, अपयश आलेल्या विभागाला सर्वांत जास्त रक्कम दिली ती तो स्वतः निवडणाऱ्यांनी. एफ. डेव्हिड स्कूरमन यांचा १९८८ मधला अभ्यास तर तुमच्या प्रसंगाच्या आणखी जवळचा आहे. कर्मचाऱ्याच्या निवडीत सहभागी असलेल्या आणि निवडीला अनुकूल असलेल्या वरिष्ठांनी त्याच्या कामाला जास्त गुण दिले. निवडीत सहभागी असूनही ज्यांचं मत प्रतिकूल होतं, त्यांनी कमी दिले. म्हणजे विरोध करणारेही निर्मळ नजरेनं पाहत नव्हते. तुम्ही आणि तुमचे सहकारी या दुसऱ्या गटात बसता का, हे आधी स्वतःला विचारा. ‘त्याला काम जमत नाही हे सगळ्यांना दिसतंय’ या तुमच्या वाक्यातले ‘सगळे’ कोण आहेत?

आता उपपत्ती एकमेकींसमोर उभ्या करू. लिऑन फेस्टिंगर यांची बोधात्मक विसंवादाची उपपत्ती १९५७ ची. ‘मी शहाणा माणूस आहे’ आणि ‘मी चुकीची निवड केली’ या दोन जाणिवा एकत्र नांदत नाहीत, त्यातून अस्वस्थता येते, आणि ती कमी करायला माणूस दुसरी जाणीवच बदलून टाकतो. हे खरं असेल तर प्रमुखांची चिकाटी ‘निवड माझी होती’ या गोष्टीवर अवलंबून असेल. त्यांची बदली होऊन नवे प्रमुख आले तर ती दिसणार नाही.

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांची १९७९ ची उपपत्ती वेगळं सांगते. नुकसानीच्या बाजूला उभा असलेला माणूस जोखीम पत्करायला तयार होतो. त्यांचा एक प्रसिद्ध प्रश्न आहे. साथीत ६०० माणसं मरण्याची शक्यता आहे. एका उपायानं २०० नक्की वाचतील. दुसऱ्यानं सगळे वाचण्याची शक्यता एक तृतीयांश आणि कुणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. तेव्हा ७२ टक्के लोकांनी खात्रीचा उपाय घेतला. तोच प्रश्न ‘४०० नक्की मरतील’ अशा शब्दांत मांडल्यावर ७८ टक्के लोक जोखमीकडे वळले. आकडे तेच, फक्त मांडणी बदलली. इथे कुणाचा अहंकार दुखावण्याचा प्रश्नच नव्हता. या वाटेनं गेलं तर निवड कुणी केली याला महत्त्व उरत नाही, गेलेला वेळ आणि पैसा ‘तोटा’ म्हणून डोळ्यांसमोर आहे का, एवढंच महत्त्वाचं. मग नवे प्रमुखही तसेच अडकतील.

दोन्ही उपपत्ती सोमवारी सकाळी तंतोतंत सारखं वागणं दाखवतात. फरक दिसतो तो माणूस बदलल्यावर. उपपत्तींची तुलना अशाच जागी करायची असते, जिथे त्या वेगवेगळं भाकीत करतात. त्यांच्या भाषेच्या सौंदर्यावरून किंवा प्रणेत्याच्या नावावरून करण्यात अर्थ नाही.

तिसरी वाट जनमानसातल्या प्रतिमेची. प्रमुखांना मनातून चूक कळली असेल, फक्त चारचौघांत कबूल करता येत नसेल. मग बंद दाराआड, विश्वासातल्या माणसाकडे, ते वेगळं बोलतील. विसंवाद खरोखर मिटवला गेला असेल तर ते एकांतातही तेच बोलतील, कारण त्यांचं मत बदललेलंच आहे. चौथी वाट वर्तनवादाची. बी. एफ. स्किनर यांच्या परंपरेतला माणूस प्रमुखांच्या मनात डोकावणारच नाही. तो विचारेल, या कार्यालयात याआधी कुणी चूक कबूल केली तेव्हा त्याचं काय झालं? आणि तो उमेदवार अधूनमधून एखादं काम छान करतो का? कारण मधूनच, अनियमितपणे मिळणारं फळ सवय सर्वांत चिवट करतं. रोज फळ मिळायचं आणि ते बंद झालं की माणूस लवकर थांबतो. कधीतरीच मिळणारं बंद झालं तर थांबायला फार वेळ लागतो. माझ्या अनुभवात हे कारण सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटतं, बहुधा ते फार साधं असल्यामुळे.

आणखी एक वाट आहे, आणि तिच्यात हट्ट नाही की भीती नाही. जोशुआ क्लेमन आणि यंग-वॉन हा यांनी १९८७ मध्ये दाखवलं की आपण एखादी कल्पना तपासताना ती जिथे खरी ठरेल अशाच जागा पाहतो. प्रमुख त्या माणसाला जी कामं जमतील असं वाटतं तीच देत असतील, तर त्यांना दिसणारा पुरावा प्रामाणिकपणे अनुकूल असेल. अशा माणसाला ‘तुम्ही सत्य नाकारताय’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला फक्त वेगळा पुरावा दाखवायचा असतो.

पाठ्यपुस्तकांत अशा उपपत्ती एकापुढे एक प्रकरणांत येतात आणि त्यांच्यातलं भांडण बाजूला राहतं. खरी शिकवण त्या भांडणात असते. माझं सर्वांत आवडतं भांडण फेस्टिंगर आणि डॅरिल बेम यांचं.

१९५९ मध्ये फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांना तासभर कमालीचं कंटाळवाणं काम करायला लावलं, म्हणजे खुंट्या फिरवणं, रिळं भरणं आणि काढणं. मग पुढच्या माणसाला ‘काम मजेदार आहे’ असं खोटं सांगण्यासाठी काहींना १ डॉलर दिला, काहींना २०. नंतर विचारलं की काम खरोखर कसं वाटलं. जास्त बक्षीस तितकी जास्त आवड, या हिशेबानं २० डॉलरवाल्यांना ते काम जास्त आवडायला हवं होतं. आवडलं १ डॉलरवाल्यांना. २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलण्याचं पुरेसं कारण होतं. १ डॉलरवाल्यांकडे नव्हतं, म्हणून त्यांनी काम आवडल्याचं स्वतःलाच पटवलं. हे झालं फेस्टिंगर यांचं म्हणणं.

बेम यांनी १९६७ मध्ये विचारलं, अस्वस्थता कुठे दिसली? त्यांचं म्हणणं होतं की माणूस स्वतःची मतं स्वतःच्या वागण्यावरून ओळखतो, जशी आपण दुसऱ्याची ओळखतो. ‘मी एका डॉलरसाठी हे बोललो, म्हणजे मला ते आवडलंच असणार.’ यात तगमग नाही, फक्त अनुमान आहे. बाहेरच्या लोकांना नुसतं त्या प्रयोगाचं वर्णन सांगितलं तर तेही तसाच अंदाज करतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे दोन उपपत्ती, एकच निकाल. तुमचाच पेच.

तो सुटला कसा, ते पाहा. मार्क झॅना आणि जोएल कूपर यांनी १९७४ मध्ये लोकांना एक निरुपद्रवी गोळी दिली. काहींना सांगितलं की हिच्यामुळे बेचैन वाटेल, काहींना सांगितलं की शांत वाटेल. मग त्यांच्याकडून स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहून घेतला. मत फक्त अनुमानानं बदलत असेल तर गोळीनं काही फरक पडायला नको. पण ज्यांना बेचैनीचं कारण म्हणून गोळी मिळाली, त्यांचं मत बदललंच नाही. ज्यांना शांत वाटेल असं सांगितलं होतं, त्यांचं जास्त बदललं. अस्वस्थता खरी होती आणि तिला दुसरं कारण मिळाल्याबरोबर मत बदलण्याची गरज संपली. बेम हरले असं वाटतंय ना? १९७७ मध्ये रसेल फॅझिओ, झॅना आणि कूपर यांनी दोघांच्या हद्दी आखून दिल्या. वागणं आपल्या मताच्या जवळपासचं असेल तर बेम यांचं अनुमान चालतं. वागणं मताच्या अगदी विरुद्ध असेल तर फेस्टिंगर यांची अस्वस्थता काम करते.

अठरा वर्षांच्या या वादातून मला रोजच्या कामात वापरता येणारी एक गोष्ट मिळाली. नव्या सवयीकडे थोडं झुकलेल्या माणसाला मी लहान कृती करायला सांगते आणि स्वतःकडे पाहू देते. त्याचं मत कृतीच्या मागे येतं. जो मुळातून विरोधात आहे, त्याच्या बाबतीत मी ही युक्ती करत नाही. तिथे अस्वस्थता निर्माण होणार आणि तो ती कुठल्या दिशेनं मिटवेल याची खात्री नसते. बहुतेकदा तो समुपदेशन सोडूनच ती मिटवतो.

मात्र हेही सांगायला हवं. २०२४ मध्ये ३९ प्रयोगशाळांनी मिळून मताविरुद्ध निबंधाचा जुना प्रयोग पुन्हा केला. विरुद्ध बाजूनं लिहिणाऱ्यांचं मत खरोखर सरकलं. पण ‘लिहायचं की नाही हे तुम्ही ठरवा’ असं स्वातंत्र्य दिल्यानं परिणाम वाढायला हवा होता, तसा तो वाढला नाही. ही उपपत्तीच्या मर्मावरची जखम आहे, कारण स्वतःच्या इच्छेनं केलेली कृती हाच तिचा कणा मानला गेलाय. मी ती टाकून दिलेली नाही. पण ‘निवड त्यांनी स्वतः केली, म्हणून ते अडकले’ हे वाक्य मी आता पूर्वीइतक्या ठामपणे म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका.

आता पक्षपाताकडे. मराठीत आपण ‘पूर्वग्रह’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि त्यामुळे परीक्षेत आणि आयुष्यात गोंधळ होतो. एक म्हणजे विचारप्रक्रियेतला ठरावीक दिशेचा कल. आकडा आधी ऐकला की अंदाज त्याच्याकडे ओढला जातो, ताजी घटना आठवली की ती वारंवार घडते असं वाटतं. दुसरी म्हणजे माणसांच्या एखाद्या गटाबद्दलची आकसाची भावना. पहिल्याला मी ‘कल’ म्हणते, दुसऱ्याला ‘पूर्वग्रह’. कारणं वेगळी, उपायही वेगळे.

‘कल’ या विषयात काहनेमन-ट्वर्स्की यांचा १९७४ चा निबंध हा मैलाचा दगड. पण त्यांच्यासमोर गर्ड गिगेरेन्झर यांना ठेवल्याशिवाय तो समजत नाही. १९९६ मध्ये दोन्ही बाजूंनी एकाच नियतकालिकात एकमेकांना सडेतोड उत्तरं दिली. वाद असा: माणसाचं मन सदोष आहे, की आपण त्याला सदोष भाषेत प्रश्न विचारतो?

एक प्रश्न करून पाहा. एक आजार १ टक्का लोकांना असतो. आजार असेल तर तपासणी ८० टक्के वेळा तो दाखवते. नसतानाही ९.६ टक्के वेळा चुकून दाखवते. तुमची तपासणी ‘आहे’ म्हणाली, तर आजार खरोखर असण्याची शक्यता किती? बहुतेक लोक ७०-८० टक्के म्हणतात, डॉक्टरसुद्धा. आता हेच असं मांडू. १००० लोकांपैकी १० जणांना आजार आहे. त्यांतल्या ८ जणांची तपासणी ‘आहे’ म्हणते. उरलेल्या ९९० मधल्या साधारण ९५ जणांचीही चुकून ‘आहे’ म्हणते. म्हणजे ‘आहे’ आलेल्या १०३ जणांत खरे आजारी फक्त ८, जेमतेम ८ टक्के. गिगेरेन्झर आणि उलरिख हॉफ्राग यांनी १९९५ मध्ये दाखवलं की अशी मोजदाद करून दिली की बरोबर उत्तरं देणाऱ्यांचं प्रमाण पुष्कळ वाढतं.

दोघांपैकी बरोबर कोण? माझं मत स्पष्ट आहे. वर्णन काहनेमन यांचं बरोबर, चुका खरोखर आणि पद्धतशीरपणे होतात. पण मदत करायची असेल तर मी गिगेरेन्झर यांच्या बाजूला जाते. ‘तुमच्या मनात हा दोष आहे’ असं सांगून मी आजवर कुणाचा कल गेलेला पाहिला नाही. प्रश्नाची मांडणी बदलल्यावर माणसं माझ्यासमोर शहाणी झालेली मी पाहिली आहेत. आणि कलांची नावं पाठ केल्यानं एक नवाच धोका येतो. एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की माणसं हे सगळे कल स्वतःपेक्षा इतरांत जास्त पाहतात. तुमच्या वर्गात नवा कल शिकवला की पहिल्यांदा कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो? स्वतःचा क्वचितच येत असेल.

पूर्वग्रहाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर थिओडोर अडोर्नो आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये म्हटलं की कडक, शिक्षेच्या धाकात वाढलेलं, हुकूमशाही वृत्तीचं व्यक्तिमत्त्व पूर्वग्रहाला बळी पडतं. मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले, त्यांच्यात स्पर्धा लावली, आणि थोड्याच दिवसांत वैर पेटलं. दोन्ही गटांना एकत्र आल्याशिवाय सुटणार नाहीत अशी कामं आल्यावर ते निवळलं. ही चांगल्या घरची, नीट जुळवून घेणारी मुलं म्हणून मुद्दाम निवडली होती. म्हणजे व्यक्तिमत्त्वात खोट नसतानाही वैर उभं राहिलं. पुढे हेन्री ताजफेल यांनी स्पर्धाही काढून टाकली. शाळकरी मुलांना दोन चित्रकारांपैकी कोण आवडतो असल्या क्षुल्लक कारणावरून गटात टाकलं. गटातली इतर मुलं कोण हेही त्यांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि कधीकधी आपल्या गटाला कमी मिळालं तरी चालेल पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळायला हवं, असा पर्याय निवडला.

हे एकमेकांना खोडून काढणारे निकाल नाहीत. कोणतं कारण पुरेसं आहे आणि कोणतं अनावश्यक, हे ते पायरीपायरीनं दाखवतात. वैराला स्पर्धा पुरते. पक्षपाताला तर नुसती रेघ पुरते. मग व्यक्तिमत्त्वाचं काय? थॉमस पेटिग्रू यांनी १९५८ मध्ये दाखवलं की दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या विद्यार्थ्यांत तीव्र पूर्वग्रह होता, पण त्यांच्या व्यक्तिमत्त्वात हुकूमशाही वृत्तीचं प्रमाण इतरांहून विशेष जास्त नव्हतं. तिथल्या समाजाची रीतच तशी होती. पूर्वग्रह असलेला प्रत्येक जण आतून बिघडलेला असतो हे आपलं समाधान त्यानंतर टिकत नाही. बरेच लोक फक्त आजूबाजूच्यांसारखे वागत असतात, आणि ही गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे.

१९९८ पासून नकळत असलेला पूर्वग्रह मोजणारी एक संगणकीय चाचणी लोकप्रिय झाली. एका माणसाला आज आणि महिन्यानं मिळणारे तिचे गुण बरेच वेगळे येऊ शकतात. शेकडो अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये असं दिसलं की त्या गुणांत बदल घडवला तरी वागण्यात तसा बदल होतोच असं नाही. म्हणून त्या चाचणीवरून कुणालाही ‘तुम्ही पूर्वग्रहदूषित आहात’ असं सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. शेरीफ यांच्या वाटेनं, समान दर्जा आणि समान ध्येय असलेल्या सहवासानं, मात्र खरोखर फरक पडतो. पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास तपासून हे दाखवलंय.

फ्रॉइड यांच्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. मनोविश्लेषणावरचा ‘काहीही घडलं तरी तेच सिद्ध होतं’ हा आक्षेप बराचसा खरा आहे. रुग्णानं मान्य केलं तर बरोबर, नाकारलं तर तो प्रतिकार, म्हणून तेही बरोबर. यातून बाहेर पडायला वाट नाही. तरीही मी ते टाकत नाही. बाकीच्या उपपत्ती ‘माणसं असं का वागतात’ हे सांगतात. मनोविश्लेषण ‘या माणसाला चूक ठरणं इतकं भयंकर का वाटतं’ हा प्रश्न विचारायला शिकवतं. उत्तर म्हणून मी त्यावर विसंबत नाही, पण प्रश्न म्हणून त्याची सर दुसऱ्या कशाला नाही.

सगळ्यांत मोठी चूक मात्र आपण, मानसशास्त्रवाले, करतो. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या आत शोधतो. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारात कण्हत पडलेला. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यातल्या ६३ टक्क्यांनी मदत केली, ज्यांना थोडी घाई होती त्यांच्यातल्या ४५ टक्क्यांनी, उशीर झालेल्यांतल्या १० टक्क्यांनी. भाषणाचा विषय संकटातल्याला मदत करणाऱ्या वाटसरूची कथा हा असला तरी त्यानं म्हणावा असा फरक पडला नाही. ‘दयाळू कोण’ हे शोधत बसलो असतो तर घड्याळाकडे आपलं लक्षच गेलं नसतं. दयाळूपणा नसतोच असं मी म्हणत नाही. अनेक प्रसंगांची सरासरी काढली की स्वभाव स्पष्ट दिसतो. पण एका प्रसंगावरून, आणि तुमच्याकडे सध्या एकच प्रसंग आहे, तो वाचता येत नाही.

म्हणून तुमच्या प्रमुखांबद्दल मी एवढ्याचाच शोध घेईन. हेच प्रमुख दुसऱ्या बाबतीत, समजा एखादी फसलेली खरेदी किंवा चुकलेला आराखडा, चूक कबूल करतात का? करत असतील तर ‘ते हट्टीच आहेत’ हे स्पष्टीकरण बाद झालं. त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांनी याआधी चुकलेल्या माणसाला कसं वागवलं? कुणी अपमानित झालं असेल, तर मनाच्या खोलीत उतरण्याआधी तिथे थांबा. त्या उमेदवाराची अशी कोणती कामं आहेत जी फक्त प्रमुखांना दिसतात आणि तुम्हाला दिसत नाहीत? आणि ज्यांनी निवडीला विरोध केला नव्हता, समर्थनही केलं नव्हतं, अशा एखाद्या तटस्थ माणसाला त्याचं काम नाव झाकून दाखवलं तर तो काय म्हणतो?

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करा. त्याचं उत्तर ‘काम ठीकठाक आहे’ असं आलं, तर ज्याचं स्पष्टीकरण आपण इतका वेळ शोधतोय ते वागणं प्रमुखांचं नसून तुमच्या गटाचं आहे. उत्तर ‘काम खरोखर वाईट आहे’ असं आलं, तर ते प्रमुखांपुढे ठेवताना ‘तुमची निवड चुकली’ असं म्हणू नका. ‘तेव्हा जी माहिती होती तिच्यावर निर्णय योग्य होता, आता नवी माहिती आली आहे’ असं म्हणा, आणि तेही एकांतात. या एका वाक्यानं अस्वस्थतेला दुसरं कारण मिळतं, तोट्याची मांडणी बदलते आणि चारचौघांचा धाकही उरत नाही. त्यावर ते कसे प्रतिसाद देतात ते लिहून ठेवा. एकांतात मान्य केलं आणि बैठकीत पुन्हा बाजू घेतली, तर कारण त्यांच्या मनापेक्षा त्या बैठकीत जास्त आहे. एकांतातही पटलं नाही, तर पुढच्या वेळी या माणसाच्या कामाबद्दल न बोलता, एखादा निर्णय चुकणं त्यांच्यासाठी काय असतं, याबद्दल बोला. तोवर मला कळवू नका; दोन्ही संभाषणं झाल्यावर लिहा.